बिनचेहऱ्याचा फोन

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. डब्बा म्हणा, खटारा म्हणा, मला काही फरक पडत नाही. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे, पाठीचं झाकण रबरबँडनं बांधलेलं आहे आणि पुढचा कॅमेरा आंधळा झाला आहे. पण रडगाणं गायला मी बसलेलो नाही. शाळेत तुम्ही माझ्या जातीवर निबंध लिहिता, मोबाइल शाप की वरदान. खुशाल लिहा. मी शाप नाही आणि वरदानही नाही. नागपुरात सदरला, एका चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर समुपदेशन केंद्र आहे, तिथला मी नोकरदार आहे. माझं काम मला चोख येतं. स्वतःच्या कामाबद्दल ज्याला एवढं ठासून सांगता येईल, त्यानंच मला नावं ठेवावीत.

समुपदेशन म्हणजे काय, ते आधी सांगतो. पाय मुरगळला की तुम्ही लंगडता, ते लोकांना दिसतं. मनाला मार लागला की काहीच दिसत नाही. मग माणूस अशा कोणाशी तरी बोलायला येतो, ज्यानं ऐकण्याचं शिक्षण घेतलं आहे. आमच्या केंद्रात हेच शिक्षण देतात. शिकणारे विद्यार्थी खऱ्या माणसांशी बोलतात आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला वंदना मॅडम असतात. पुष्कळ माणसं केंद्रात येत नाहीत, फोन करतात. तो फोन मी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं माझ्यासारखे हजारो भाऊ पट्ट्यावरून सरकत होते, त्याचं मला काही कौतुक नाही. माझा पहिला मालक हौशी होता. सकाळी उठला की स्वतःचा फोटो, पोहे खाल्ले की पोह्यांचा फोटो, फुटाळ्याला गेला की तलाव मागे आणि स्वतः पुढे. माझं पोट त्याच्या थोबाडानं भरून गेलं होतं! मग त्याला नवा फोन मिळाला आणि त्यानं मला विकून टाकलं. वंदना मॅडमनी मला जुन्या फोनच्या दुकानातून आणलं.

बाळ जन्मलं की त्याला नाव देतात. मॅडमनी माझं नाव काढून घेतलं. आधी सगळे फोटो पुसले. मग ज्यांच्यावर लोक एकमेकांचे चेहरे आणि जेवणं बघत बसतात, ती सगळी ॲप काढून टाकली. माझ्या नंबरावर कोणाचा फोटो ठेवला नाही, केंद्राचं नाव ठेवलं नाही. फोन करणाऱ्याचं नावही माझ्यात साठवायचं नाही, असा नियम केला. मी बिनचेहऱ्याचा झालो. तेव्हा मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? आज म्हणतो, त्या दिवशी मी कामाचा झालो.

मित्रांनो, टाळेबंदीच्या दिवसांत मी जेवढं काम केलं, तेवढं तुमच्या त्या चकचकीत फोननं सात जन्मांत केलं नसेल. घरं भरलेली आणि बोलायला कोपरा नाही, अशी अवस्था होती. कोणी गच्चीवरून फोन करी, कोणी न्हाणीघरात नळ सोडून, कोणी बंद दुकानाच्या पायरीवरून. मी तापून लाल व्हायचो, पण एकाचंही बोलणं मध्येच तोडलं नाही. 'हा फोन म्हणजे माझा उजवा हात आहे,' असं वंदना मॅडम तेव्हा सगळ्यांना सांगत. मग दिवस पालटले. केंद्रात लॅपटॉप आले, पडद्यावर चेहरा बघून बोलणं सुरू झालं आणि मी टेबलाच्या कोपऱ्यात सरकलो. नवे विद्यार्थी मला पाहून नाक मुरडू लागले.

त्यांच्यातच वैदेही होती. धरमपेठेत राहणारी, हुशार, चटचट बोलणारी, आणि मनानं इतकी मऊ की बसमध्ये कोणी रडताना दिसलं तर ही आपली सीट सोडून उठणार आणि ओढणी आधी हिच्याच डोळ्यांना! तिची मैत्रीण मिनल, तीही इथलीच विद्यार्थिनी. दोघी एकाच डब्यातून जेवायच्या आणि एकमेकींना जगातलं सगळं सांगायच्या. वैदेहीच्या वाट्याला मी आलो, तेव्हा ती मिनलला म्हणाली, "हे काय मिळालं वं मला? आजोबाच आहेत हे तर!"

आजोबा तर आजोबा.

वैदेहीशी बोलायला एक बाई फोन करू लागल्या. त्यांचं नाव मी सांगणार नाही. हिंगण्याच्या की कळमन्याच्या, तेही नाही. वय नाही, दुःख काय होतं, तेही नाही. एवढं समजा, की त्यांचा फोन घरात सगळ्यांच्या हातात फिरायचा. म्हणून माझा नंबर त्यांनी कुठंही लिहिला नव्हता, तोंडपाठ केला होता. बोलून झालं की त्या आपल्या फोनमधून माझी खूण पुसून टाकत. ठरलेलं असं होतं, की बुधवारी दुपारी त्यांनीच फोन करायचा. केंद्रानं त्यांना कधीही उलटा फोन करायचा नाही, मेसेज तर मुळीच नाही. फारच काळजीचं काही झालं तर कोणाला विचारायचं, त्या एका माणसाचं नाव त्यांनी वंदना मॅडमजवळ देऊन ठेवलं होतं.

सुरुवातीला त्या नुसत्या श्वास घ्यायच्या. वैदेही घाई करत नसे, हे मात्र मी तिच्या बाजूनं सांगेन. हळूहळू त्या बोलू लागल्या. एकदा हसल्यासुद्धा. त्या दिवशी वैदेही मला टेबलावर ठेवून खुर्चीवरच गिरकी घेऊन आली.

मग एका बुधवारी फोन आला नाही. पुढच्या बुधवारीही नाही.

वैदेहीचा जीव टांगणीला लागला. शेवटच्या बोलण्यात बाईंचा आवाज फार खोल गेला होता, तो तिच्या कानातून जाईना. 'काही बरंवाईट तर केलं नसेल ना?' असं ती दिवसभर पुटपुटत होती. वंदना मॅडम शेजारच्या खोलीत होत्या. दार उघडून विचारायचं, एवढंच करायचं होतं. पण आपल्याला जमलं नाही असं मॅडमना वाटेल, ही भीती आडवी आली. आणि तिचा स्वतःचा फोन, तो गुळगुळीत, सोन्याच्या कडेचा, माझ्या शेजारीच पडला होता.

तिनं माझ्यातून बाईंचा नंबर पाहिला आणि त्या फोनमध्ये टाकला.

बाप्पा! काय ती तत्परता! क्षणात त्यानं नाव ओकलं. नावावरून घर, घरावरून नातेवाईक, आणि नातेवाइकांच्या फोटोंमध्ये त्या बाई. चारच दिवसांपूर्वीच्या कुठल्याशा लग्नात, मोरपंखी साडी नेसून, चांगले दात दाखवून हसणाऱ्या. साडीचा रंग मी बदलून सांगितला आहे, हुशारी करू नका.

वैदेहीनं आधी सुटकेचा श्वास सोडला. बाई जिवंत होत्या. पण मग तिचं तोंड एवढंसं झालं. "मी इथं काळजीनं मरून राहिली," ती मिनलला म्हणाली, "आणि या तिकडे लग्नात मिरवून राहिल्या!"

पुढच्या बुधवारी मी वाजलो. बाईच होत्या. आवाज बारीक, घसा बसलेला. लय वाईट गेले हे दिवस, असं त्या म्हणाल्या. आणि वैदेहीच्या तोंडून निसटलं, "पण त्या लग्नात तर किती खुश दिसत होत्या तुम्ही! त्या मोरपंखी साडीत."

पलीकडून काही आवाज नाही. मला वाटलं, माझीच रेंज गेली.

"तुमाले कोणी सांगतलं लग्नाचं?" बाईंनी विचारलं.

वैदेहीनं शेजारच्या सोन्याच्या कडेच्या फोनकडे पाहिलं.

"फोटो पायला तुमी. माह्या जावेनं टाकला होता तो. हास, हास म्हणून हासाले लावलं मले." त्या जरा थांबल्या. "घरात समदे पाहतात मले. दारात पाहतात, मंदिरात पाहतात, कशी बसली, कोणाशी बोलली. हा एकच फोन होता ताई, जिथं मले कोणी पाहत नोतं. तुमीबी पायलंच."

फोन कटला.

मित्रांनो, दहा वर्षांपूर्वी असं झालं नसतं, असं लोक म्हणतात. मोबाइल आला आणि सगळं नासलं, म्हणतात. वैदेहीही रडता रडता तेच म्हणाली, "आजकाल नुसता नंबर टाकला तरी सगळं समोर येतं, मी तरी काय करू?" मी हे ऐकून घेणार नाही! दार उघडं असलं म्हणून कोणी शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून भांड्यांची झाकणं उघडून बघतं का? दिसतं म्हणजे बघायचंच, असा कायदा कुठल्या फोननं काढला? बोट कोणाचं होतं? माझ्या अंगावर इतकी बोटं फिरली आहेत, की मला विचारा. फोन स्वतःहून कोणाच्या घरात शिरत नाही. माणूस शिरतो आणि पकडला गेला की फोनचं नाव सांगतो.

मिनल मैत्रिणीसारखी धावून आली. "एक माफीचा मेसेज टाकून दे ना," ती म्हणाली. "ते हात जोडलेलं चित्र लाव. चांगल्या आहेत त्या, समजून घेतील." वैदेहीनं मला उचललंसुद्धा. 'ताई, माझी चूक झाली' एवढं टाइप केलं. पाठवायच्या खुणेवर तिचा अंगठा लटकत होता. ज्या फोनवर हा मेसेज वाजणार, तो या क्षणी कोणाच्या हातात असेल, हे तिला ठाऊक नव्हतं. मी तर गार पडलो होतो. मग तिनं एकेक अक्षर पुसलं, मला खाली ठेवलं आणि उठून मॅडमच्या दारावर टकटक केली.

मॅडमनी सगळं ऐकलं. ओरडल्या नाहीत. मला वाटतं, ओरडल्या असत्या तर वैदेहीला सोपं गेलं असतं.

"तू काहून पाहिलं तिला?" त्यांनी विचारलं.

"काळजी वाटली म्हणून."

"काळजी वाटली तर माझ्याकडे यायचं. त्या माणसाचं नाव तिनं कशासाठी दिलं होतं? मी विचारलं असतं. पुन्हा सांग, कोणासाठी पाहिलं? तिच्यासाठी, का तुझ्या जिवाला चैन पडावी म्हणून?"

 वैदेही म्हणाली, "माझ्यासाठी."

"हं," मॅडम म्हणाल्या. "हे कळलं तर तू शिकशील."

"पण मॅडम, मला माफी तर मागू द्या. एकदा फोन करते. फक्त एकदा."

"माफीची घाई तुला आहे. तिला नाही. तिनं सांगितलंय ना, तुम्ही फोन करायचा नाही? एकदा न विचारता तिच्या घरात गेलीस. आता माफी घेऊन पुन्हा जाशील?"

बाईंनी नाव दिलेल्या त्या माणसाला मॅडमनी एकच गोष्ट विचारली, बाई सुखरूप आहेत ना. आहेत, असं उत्तर आलं. त्यापुढे एक शब्द विचारला नाही. आणि ठरलं असं, की बुधवारची दुपार त्या बाईंचीच राहील. त्या फोन करोत न करोत, ती वेळ दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. वैदेहीनं माझ्याजवळ बसायचं, आणि स्वतःचा फोन बाहेर मॅडमच्या कपाटात ठेवून यायचं.

ती बसू लागली. पंखा घरघरायचा, खाली सदरच्या रस्त्यावर हॉर्न वाजायचे, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. मी वाजत नव्हतो. कधी कधी ती मला उचलून बघायची, रेंज आहे का म्हणून. होती ना बाई, माझी रेंज पक्की होती! एकदा ती मला म्हणाली, "आजोबा, वाजा ना." माझ्या हातात असतं तर मी गणपतीच्या ढोलासारखा वाजलो असतो. बाई पुन्हा कुठंच बोलणार नाहीत, कोणाकडेच जाणार नाहीत, तोंडाला कायमचं कुलूप लावतील, याच भीतीनं ती पोरगी वाळून चालली होती. तिची परीक्षा, तिचं प्रमाणपत्र, यातलं काही तेव्हा तिच्या डोक्यात नव्हतं.

अशातच एका बुधवारी ताराचंदजी आले. हे आमच्या केंद्राचे विश्वस्त, भला माणूस, हाताचा सढळ. त्यांनी नवाकोरा फोन आणला होता. "हा खटारा अजून काहून ठेवला बेटा?" त्यांनी मला दोन बोटांत, मेलेल्या उंदरासारखं धरलं. "याचं सिम यात टाकू. केंद्राचं नाव लावू, बोधचिन्ह लावू, तुमचा सगळ्यांचा हसरा फोटो लावू. फोन केला की समोरच्याला नाव दिसलं पाहिजे. विश्वास बसते माणसाचा!"

मी मनात म्हटलं, संपलं. विश्वस्तापुढे शिकाऊ पोरगी काय बोलणार?

वैदेही उठून उभी राहिली.  "नाही, काका," ती म्हणाली.

"काय नाही?"

"नाव लावायचं नाही. फोटो तर अजिबातच नाही. इथं फोन करणाऱ्या बाईच्या हातात कोणी डोकावलं, तर त्याला नुसता एक नंबर दिसला पाहिजे. आपलं नाव दिसलं तर तिचं बोलणं बंद होईल. काका, मी एकीचं बंद केलं आहे. आता आणखी कोणाचं होऊ देणार नाही."

ताराचंदजींनी वंदना मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. "मुलगी बरोबर बोलून राहिली," त्या म्हणाल्या. ताराचंदजी जरा नाराज झाले, पण त्यांनी मला खाली ठेवलं, या वेळी पाचही बोटांनी, आणि नवा फोन ऑफिसच्या कामाला देऊन टाकला. मी कोपऱ्यातच राहिलो. मला तो कोपरा राजाच्या गादीसारखा वाटला, हे छाती फुगवून सांगतो.

त्यानंतर किती बुधवार गेले, ते मोजायच्या फंदात मी पडलो नाही. उन्हाळा लागला, कूलर सुरू झाला. आणि एका दुपारी मी वाजलो.

वैदेहीनं मला उचललं. बाईच होत्या.

वैदेहीनं लांबण लावली नाही. "ताई, मी तुम्हाला न विचारता तुमचा फोटो शोधून पाहिला. माझी चूक झाली. तुमची काहीच चूक नव्हती," एवढंच म्हणाली. काळजी, प्रेम, भीती, यातला एकही शब्द तिनं पुढे केला नाही. मी तिच्या गालाला चिकटलो होतो आणि तो गाल ओला होता, पण आवाज तिनं हलू दिला नाही.

"राग नाई माह्या मनात," बाई म्हणाल्या. "पण तुमच्याशी बोलाले बसलं का मले थो फोटोच दिसते. दुसरं कोणी हाय का तिथं? बोलाचं तर हाय मले."

मित्रांनो, वैदेही एवढे बुधवार ज्या आवाजाची वाट बघत बसली होती, तो आवाज आला आणि तिच्याकडे आलाच नाही. तिनं डोळे मिटले. "आहे ताई," ती म्हणाली. "मिनल नावाची माझी मैत्रीण आहे. तिनं तुम्हाला पाहिलेलं नाही. मी बाहेर जाते आणि दार लावून घेते."

तिनं मिनलला हाक मारली, मला तिच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन खरोखर दार लावून घेतलं. त्या दिवसापासून त्या बाई मिनलशी बोलतात.

तुम्ही म्हणाल, गुपित राखणारा तू, मग एवढं तरी आम्हाला कसं सांगितलंस? विचारून सांगितलं. मॅडमनी मिनलकरवी त्या बाईंना विचारलं, की नव्या विद्यार्थ्यांना शिकवताना ही गोष्ट सांगू का. त्या म्हणाल्या, "नावगाव नोका सांगू. बाकी सांगा. पोट्ट्याइले कळू द्या." जेवढी परवानगी मिळाली तेवढं मी सांगितलं, त्याहून चिमूटभर जास्त नाही.

वैदेही आता दुसऱ्या माणसांचं ऐकते, आणि चांगलं ऐकते. दुपारी ती आणि मिनल अजून एकाच डब्यातून जेवतात. बुधवारी मिनल खोलीतून बाहेर येते, कधी तिचे डोळे लाल असतात, कधी चेहरा उजळलेला असतो. वैदेही तिच्याकडे बघते. विचारलं तर मिनल सांगेलही कदाचित, जिवाभावाची मैत्रीण आहे. वैदेही डब्याचं झाकण उघडते आणि म्हणते, "भाजीत मीठ जास्त झालं वं आज." आणि दोघी जेवायला लागतात.

तुम्ही कोणाचं दुखणं ऐकायला शिकणार असाल, किंवा नुसतेच कोणाचे मित्र असाल, तर माझं एवढं ऐका. माणूस जेवढं दार उघडेल तेवढंच आत जा. बाकीचं तुमच्या बोटाखाली असलं तरी ते तुमचं नाही.

आणि त्या बाईंचं पुढे काय झालं, त्या बऱ्या झाल्या का, हे तुम्हाला विचारावंसं वाटतंय ना? मला कळतं. तुमच्या मनात वाईट काही नाही, काळजीच आहे. वैदेहीच्या मनातही तीच होती. म्हणून मी सांगणार नाही.